अकरा दिवसांचं इंजिन

आमच्या अंगणात अकरा दिवस एक पिकअप उभी होती आणि अकराही दिवस ती चालू होती. दिवसातून दोनदा गुरांना चारा टाकायला हलायची, बाकी वेळ जागच्या जागी घर्रर्र घर्रर्र. जेवताना घर्रर्र, भांडी घासताना घर्रर्र, रविवारची प्रार्थना म्हणताना घर्रर्र. कपाटातल्या बश्यासुद्धा थरथरायला लागल्या होत्या.

"बंद कर ती," मी म्हणायचे.

"बंद केली तर एप्रिलातच सुरू होईल," हाल्वर म्हणायचा.

नवराबायकोचं तेवढंच बोलणं उरलं होतं. बाकीचं ती गाडीच बोलत होती.

थंडी होती, मी नाही म्हणत नाही. उणे अडतीस. थुंकी खाली पडेपर्यंत गोठावी अशी. अशा थंडीत डिझेल गाडी रात्रभर बंद ठेवली की सकाळी ती लोखंडाचा नुसता ठोकळा होऊन बसते. म्हणून तर इकडे सस्कॅचेवान प्रांतात प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते. रात्री ती घराच्या भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायची, की इंजिनाच्या पोटातला छोटा हीटर त्याला ऊब देत राहतो. सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू. आम्हीही वर्षानुवर्षं तेच करत होतो. पण ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा मी ओसरीवरून उतरवून खोक्यात भरल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी सुरू व्हायला तासभर लागला. धुराने आख्खं अंगण काळं झालं.

"हीटर जळाला," हाल्वरने निकाल दिला.

"मग एमेरिकला दाखव." एमेरिक म्हणजे गावातला मिस्त्री.

"दाखवायची तर बंद करावी लागेल. बंद केली तर सुरू होणार नाही."

"मग काय, मार्च येईपर्यंत अशीच?"

"अशीच."

आणि खरंच त्याने ती तशीच ठेवली. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला. जागेवर उभं इंजिन फार तापत नाही, म्हणून तुटक्या हॉकीच्या काठीचा तुकडा सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवून इंजिनाचा वेग वाढवून ठेवला. रोज सकाळी अंगणातल्या टाकीतून डिझेल भरायचा, कारण आत किती उरलंय हे कळायला मार्ग नव्हता. काटा मागच्या हिवाळ्यातच मरून अर्ध्यावर अडकला होता. मी धूर खात धुणं वाळत घालायचे, पाणवठ्यावर जाऊन कुऱ्हाडीने बर्फ फोडून गुरांना पाणी मोकळं करायचे, आणि परत येताना त्या गाडीला एक लाथ घालायचे. एवढं एक सुख होतं.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. गावात हाल्वरच्या थोरल्या बहिणीचं, गुड्रूनचं, कॉफीचं दुकान आहे. तिथे आठ-नऊ पुरुष बसलेले असताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या हाल्वरला साधी वायर खोचता येत नाही हो! हातात गाईची शेपटी दिली असती तर तीही भिंतीत खोचून बसला असता."

सगळे खो खो हसले. क्लोविस पेलेतिए तर इतका हसला की त्याच्या नाकातून कॉफी आली.  हाल्वरने कप बशीवर गोल फिरवला, आणि त्याचे कान लाल झाले. म्हणजे उजवा पूर्ण आणि डावा अर्धा, कारण डाव्या कानाची पाळी दहा वर्षांपूर्वी हिमदंशाने गेली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. कशाला खोटं बोलू?

अकराव्या दिवशी सकाळी पर्ल व्याली.

पर्ल माझी गाय. बाकीची साठ गुरं हाल्वरची, पण पर्ल माझी. माझ्या आईच्या गोठ्यातून मी आणलेल्या गाईची नात. चौदा वर्षांची, दात झिजलेले, हाडं वर आलेली. हे तिचं शेवटचं वेत, हे दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या सहा वेतांत गोऱ्हेच झाले होते. मला एक कालवड हवी होती, बस. आईच्या गोठ्यातलं काहीतरी पुढे चालत राहावं, इतकंच माझं मागणं.

म्हातारीने गोठा सोडून वारा अडवायच्या फळ्यांमागे, उघड्यावर वासरू टाकलं. मी पाणवठ्यावरून येताना मला दिसलं. ओलं वासरू, वर बर्फाचे कण, कानांच्या पट्ट्या ताठ. पर्ल चाटत होती, पण तिची जीभ पुरी पडेना. मी पाय उचलून पाहिलं आणि ओरडले,

"हाल्वर! कालवड आहे! हाल्वर!"

तो धावत आला. त्याने वासराच्या तोंडात बोट घातलं. तोंड आतून गार असेल तर वासरू जातंय असं समजायचं.

"गार आहे," तो म्हणाला.

"न्हाणीघरात आण. टबात गरम पाणी सोडते."

"टब भरेपर्यंत मरेल. गाडीत घालू. गाडी चालू आहे, आत ऊब आहे."

आणि असं म्हणताना त्याने माझ्याकडे जे पाहिलं ना! अकरा दिवसांची सगळी उट्टी त्या एका नजरेत.  आम्ही दोघांनी वासरू उचलून माझ्या सीटपुढे, गाडीच्या तळाशी ठेवलं, आतला गरम हवेचा हीटर पूर्ण सोडला आणि पोत्याने खसाखसा पुसायला लागलो. पाच मिनिटांत ते थरथरायला लागलं. थरथरणं चांगलं. थरथरायचं थांबलं की संपलं.

हाल्वर पर्लची कास बघून आला. "कोरडी आहे. थेंब नाही."

पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर वासरू उबेतसुद्धा जगत नाही. घरात चिकाच्या पावडरीचं शेवटचं पाकीट आदल्या आठवड्यात जुळ्या वासरांना संपलं होतं.

"गावात चल," मी म्हटलं. "वासराला घेऊनच. इथे ठेवलं तर गार पडेल."

अठरा मैल. वासरू माझ्या बुटांवर, माझी बोटं त्याच्या तोंडात. बाराव्या मैलाला त्याने बोट ओढल्यासारखं केलं. मला रडूच आलं, पण हाल्वरला दिसू दिलं नाही.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"ओढतेय थोडं."

"गाडी बंद असती तर," तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुरं करायची गरज नव्हती.

गुड्रूनच्या दुकानापुढे नेहमीसारख्या आठ गाड्या उभ्या, सगळ्या चालू, सगळ्यांत किल्ल्या तशाच, आणि एकही माणूस आत नाही. आमच्याकडे असंच असतं. गाडीला कुलूप लावणारा माणूस गावात एकच होता, तो विमा विकायचा, आणि तो फार दिवस टिकला नाही. आम्ही आमचीही त्या रांगेत लावली, काठी पेडलवर अडकवली आणि आत गेलो. पावडर मिळते शेजारच्या दुकानात, पण त्याचा मालक कॉफी प्यायला इथेच बसलेला. शिवाय पावडर कालवायला गुड्रूनचं गरम पाणी लागणार होतं. दोन मिनिटांचं काम.

पाकीट आलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून बाटलीत पावडर कालवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, बाटली कोटाच्या आत धरली आणि बाहेर आले.

वासरू उभं होतं. चार पायांवर, सीटच्या मधोमध, काचेतून माझ्याकडे बघत.

"उभी राहिली! हाल्वर, उभी राहिली!" मी दाराची कडी ओढली. दार उघडेना. पुन्हा ओढली. मग धावत पलीकडे गेले. तेही बंद.

दाराला आतून कोपर टेकायची जागा असते, तिथे कुलपाचं बटण असतं. एक दाबलं की दोन्ही दारं बंद. उठताना बाईसाहेबांचा खूर नेमका त्याच्यावर पडला होता.

हाल्वर बाहेर आला. त्यानेही कडी ओढून पाहिली. प्रत्येक पुरुष आपली कडी वेगळी असल्यासारखी ओढतो.

"दुसरी किल्ली?" मी विचारलं.

"कसली दुसरी किल्ली?"

"गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या असतील ना!"

"सोळा वर्षांत कुलूप कधी लावलं नाही. दुसरी किल्ली मी काय गळ्यात बांधून फिरू?"

तोवर सगळं दुकान बाहेर आलं. कप हातात घेऊन. क्लोविसने तार आणली. ती दोन वेळा वाकवली, तिसऱ्या वेळी थंडीने काडकन मोडली. कोणी म्हणालं काच गरम पाण्याने शेकवा, कोणी म्हणालं मग ती तडकेलच, कोणी म्हणालं वासराला हाका मारा, पुन्हा पाय ठेवील. खरंच दोघे-तिघे काचेला नाक लावून "ये, ये, इकडे, बटणावर पाय ठेव" करत होते. वासराने शेपटी वर केली आणि हाल्वरच्या सीटवर आपलं पहिलंवहिलं काळं शेण टाकलं.

"अगदी योग्य माणसाच्या जागी," गुड्रून म्हणाली.

मलाही हसू आलं. आत ऊब होती, इंजिन चालू होतं, घाई कसली. मी बाटली कोटात धरून उभी राहिले. एमेरिकला बोलावणं गेलं होतं, तो काहीतरी हत्यार घेऊन येईलच.

आणि तेवढ्यात इंजिनाने एक आचका दिला. मग दुसरा. मग बंद.

अकरा दिवसांनी पहिल्यांदा शांतता. मला त्या गाडीच्या आवाजाची इतकी सवय झाली होती की पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं वाटलं. मी हाल्वरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"डिझेल," तो म्हणाला. "आज सकाळी भरायचं राहिलं. वासराच्या गडबडीत."

काचा आतून धुरकटायला लागल्या. वासराच्या श्वासाची वाफ काचेवर धरत होती आणि धरल्या धरल्या गोठत होती. आधी नाक दिसेनासं झालं, मग डोळे. मग फक्त एक सावली, आणि ती सावली हळूच खाली बसली.

"फोड," मी म्हटलं.

"एमेरिक येतोय..."

"फोड म्हणते ना!"

मी मागच्या हौद्यातून कुऱ्हाड काढली. रोज सकाळी बर्फ फोडते तीच. ती हातात आली तशी गर्दी दोन पावलं मागे सरली.

"थांब," हाल्वर म्हणाला, "कुठली काच?"

"कुठली म्हणजे?"

"माझ्या बाजूची फोडली तर अठरा मैल सगळा वारा माझ्या कानावर. आधीच अर्धा गेलाय."

"आणि माझ्या बाजूची फोडली तर माझ्या कानावर! माझे कान काय फुकटचे आहेत?"

"तू शाल गुंडाळू शकतेस. मला रस्ता बघायचाय."

"मला मांडीवर वासरू धरायचंय!"

"अगं बाई, तुम्ही दोघं," गुड्रून ओरडली, "वासरू मरतंय आतमध्ये!"

मी माझ्या बाजूला वळलेच होते. माझी कालवड, माझी काच, फोडून टाकते, झालं. कुऱ्हाड उचलली. हाल्वरने माझ्या मनगटाला धरलं, कुऱ्हाड काढून घेतली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेला, आणि कुऱ्हाडीच्या पाठीने स्वतःच्या बाजूच्या काचेवर एकच घाव घातला. काच साखरेसारखी खाली सांडली. त्याने हात आत घालून कुलूप उघडलं.

बाकी मला फारसं आठवत नाही. वासरू गुड्रूनच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढच्या गालिच्यावर, माझ्या मांडीवर. तोंडात बोट घातलं तर आत ऊब होती. बाटली लावली. आधी गळतच होतं सगळं. मग एक घोट. मग दुसरा. मग शेपटी अशी काही हलायला लागली की गुड्रूनची पिठाची बरणी खाली आली.

"राहू दे," गुड्रून म्हणाली. मी वासराच्या मानेत तोंड खुपसून रडत होते.

तोवर चौघांनी ढकलत गाडी एमेरिकच्या गॅरेजात नेली. एमेरिक म्हणजे साठीचा, कमी बोलणारा, हात नेहमी काळे. त्याने डिझेल भरलं, गाडी सुरू करून पुन्हा बंद केली, काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवलं. आम्ही गेलो तेव्हा तो इंजिनाच्या हीटरची वायर हातात धरून उभा होता. ती त्याने भिंतीत खोचली होती.

"कान लाव," तो हाल्वरला म्हणाला.

हाल्वरने इंजिनाच्या पोटापाशी कान नेला. "आत सूं सूं होतंय."

"हीटर ठणठणीत. वायर कुठे तुटलेली नाही, मी पूर्ण पाहिली. तुमच्या घरच्या प्लगमध्येच वीज येत नसणार. कुठला प्लग?"

"ओसरीवरचा," हाल्वर म्हणाला. "त्यात वीज न यायला काय झालं? ख्रिसमसभर त्याच्यावरच तर दिव्यांची माळ लागत होती."



ओसरीवरच्या त्या प्लगचा खटका घरात आहे, कोट टांगायच्या खुंटीमागे. माळा उतरवल्या त्या दिवशी मी तो बंद केला होता. नीट, काळजीपूर्वक, वीज वाया जाऊ नये म्हणून! हाल्वर बिचारा त्या रात्री वायर मेलेल्या भिंतीत खोचणार, असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

एमेरिकने माझ्याकडे पाहिलं. मी वासराच्या कानाशी काहीतरी करत बसले.

घरी निघालो. अशा थंडीत चिकटपट्टी कशालाही चिकटत नाही. दुसऱ्या मैलाला प्लास्टिक उडून गेलं. हाल्वरने टोपीचे कानपट्टे बांधले, खांदा वर केला आणि तसाच चालवत राहिला. इकडे गाडी डावीकडे बसून चालवतात, त्यामुळे वारा त्याच्या डाव्या गालावर सपासप. माझ्या बाजूला काच होती, मांडीवर वासरू होतं, मी मजेत. मला लाज वाटली. खरंच वाटली.

"हाल्वर!" मी ओरडले. "मला एक सांगायचंय!"

"काय?"

"खटका! तो खटका मी..."

"काय? ऐकू येत नाही!"

"काही नाही! झोपलीय म्हटलं!"

त्याने मान डोलावली आणि चेहऱ्याच्या गोठलेल्या भागातून जेवढं येईल तेवढं हसला.

घरी आल्यावर मी आधी कोट टांगला आणि खुंटीमागे हात घालून खटका चालू केला. टक्. एवढाच आवाज. मग हाल्वरला चुलीपाशी बसवलं. गालावर नाण्याएवढा पांढरा डाग उठला होता. मी तळहात गरम करून त्यावर धरला. तिथे रक्त परत यायला लागलं की आग आग होते. तो डोळे मिटून बसला होता.

"खटका मी बंद केला होता," मी म्हटलं. "माळा काढल्या तेव्हा."

त्याने डोळे उघडले नाहीत. 

"अकरा दिवस," तो म्हणाला.

"हं."

"आणि गाईची शेपटी."

"हं." माझा हात त्याच्या गालावर होता, नाहीतर मी उठून गेले असते.

न्हाणीघरात पोत्यावर वासरू खुडबुडलं. त्याने तिकडे कान दिला. "खटका चालू असता," तो सावकाश म्हणाला, "तर सकाळी गाडी बंद असती. गार. तिला घालायचं कुठे होतं?"

"म्हणजे मी केलं ते बरंच केलं म्हणतोस?"

"म्हणजे मी गाडी चालू ठेवली ते बरंच केलं," हाल्वर म्हणाला. "दुसऱ्या गालावर नको, तो ठीक आहे."

पण खरी भीती मला पुढची होती. गावात जाणं. मी जे बोलले होते ते सगळ्यांसमोर बोलले होते, आणि आता बोलायची पाळी त्याची. आणि त्याने बोलावं, त्याचा हक्कच होता. तिसऱ्या दिवशी आम्ही गुड्रूनकडे गेलो तेव्हा मी गळ्यापर्यंत बटणं लावून, फाशी जाणाऱ्यासारखी बसले. सगळे होते. क्लोविस होता. गल्ल्यापाशी एमेरिक पाठमोरा बसून सूप पीत होता.

"मग?" गुड्रूनने कॉफी ओतत विचारलं. "गाडी बंद करता म्हणे रात्री आता. काय झालं होतं त्या हीटरला?"

सगळे थांबले. क्लोविसने तर हसायला आधीच तोंड उघडून ठेवलं होतं. मी माझ्या कपात बघत राहिले.

हाल्वर साखर घेत नाही. त्याने साखर घेतली आणि पुष्कळ वेळ ढवळली.

"उंदीर," तो म्हणाला. "वायर कुरतडली होती."

गल्ल्यापाशी एमेरिकचा चमचा वाटीत थांबला. तो सावकाश वळला. आधी हाल्वरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवले नाहीत.

"हो," एमेरिक म्हणाला. "चांगला थोरला उंदीर होता."

आणि तो परत सुपाकडे वळला. मी माझी ॲपल पायची बशी, न उष्टावलेली, हाल्वरपुढे सरकवली. त्याने ती सगळी खाल्ली, उजव्या बाजूने, कारण डावा गाल अजून दुखत होता.